अळंबीतले 'ड' जीवनसत्त्व : मोजतात कसे आणि आकडा वाचायचा कसा?



गळीत हंगाम आटोपून कारखान्यात दुरुस्तीची कामे सुरू झाली म्हणजे प्रयोगशाळेत थोडी सवड असते. अशाच एका दुपारी आपले एक जुने सभासद, ज्यांना गावात सगळे आबा म्हणतात, सूनबाईंना घेऊन आले. सूनबाईंचा महिला बचत गट आहे. घरामागच्या छपरात सोयाबीनचे काड आणि उसाचे पाचट भिजवून, वाफवून, पिशव्या भरून त्या धिंगरी अळंबी काढतात. ओली अळंबी तालुक्याच्या बाजारात जाते आणि उरलेली ड्रायरमध्ये वाळवून तिची पूड करतात. आबांच्या हातात दोन कागद होते.

"साहेब, एकाच छपरातला माल दोन ठिकाणी तपासायला दिला. एकानं 'ड' जीवनसत्त्व ८०० लिवलंय, दुसऱ्यानं नुसतं २. आता खरा कोन आन् खोटा कोन? पोरींनी पाकिटं छापायला टाकायचं ठरवलंय, त्यावर ८०० घालायचं म्हणत्यात."

सूनबाई हळूच म्हणाल्या, "आबा, ८०० चाच कागद आधी आला होता."

आपल्या प्रयोगशाळेत साखर मोजतात, जीवनसत्त्व नाही. पण प्रश्न अगदी आपल्या जातीचा निघाला. दर हंगामात एखादे सभासद विचारतातच, "शेतात ब्रिक्स एकवीस दाखवलात, मग उतारा एवढाच कसा?" ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे घन पदार्थ. त्यात साखर आली, ग्लुकोज-फ्रुक्टोज आले, क्षारही आले. पोलचा आकडा साखरेच्या जवळचा, आणि उताऱ्याचा आकडा त्याहून निराळा. यातला एकही खोटा नसतो. तो कशाचा आहे हे पाहावे लागते एवढेच. अळंबीचेही तसेच आहे, म्हणून हा विषय या अंकात जरा सविस्तर घेत आहे.

अळंबीत मुळात 'ड' जीवनसत्त्व फारसे नसते. तिच्यात असते ते अर्गोस्टेरॉल. आपल्या शरीरात जसे कोलेस्टेरॉल, तसे बुरशीच्या पेशीत अर्गोस्टेरॉल. हा पदार्थ प्रथम वेगळा काढला तो तान्रे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८८९ मध्ये, राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अरगटापासून. बाजरीच्या कणसावरचा अरगट आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे, त्याच कुळातली ती बुरशी. अर्गोस्टेरॉलवर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याच्या रेणूतले एक कडे उघडते आणि पुढे उष्णतेने त्याचे 'ड-२' जीवनसत्त्व बनते. आपण उघड्या अंगाने उन्हात राबतो तेव्हा कातडीखाली अशीच क्रिया होते, पण तिथे कच्चा माल वेगळा आणि तयार होते ते 'ड-३'. हाडांना चुना मिळायचा तर आतड्याने तो शोषून घ्यावा लागतो, आणि त्या कामाला हे जीवनसत्त्व लागते. ते नसले तर पोरांना मुडदूस होतो, पाय धनुकलीसारखे वाकतात.

म्हणजे छपराच्या अंधारात वाढलेल्या अळंबीत कच्चा माल भरपूर, पक्का माल थोडा. गव्हाणीत ऊस पडला म्हणजे गोदामात साखर आली, असे होत नाही ना? तसेच.

आता मोजण्याकडे वळू. सुरुवातीला हे मोजायला यंत्र नव्हते, उंदीर होते. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅक्कॉलम यांनी कॉड माशाचे तेल तापवून त्यातून हवा सोडली. त्याने 'अ' जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी त्या तेलाने उंदरांचा मुडदूस बरा होतच होता. तेव्हा हे काही तरी निराळे आहे हे कळले आणि त्याला 'ड' नाव मिळाले. पुढे दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, विस्कॉन्सिनच्या स्टीनबॉक यांनी दाखवले की नुसत्या खाद्यावर अतिनील प्रकाश टाकला तरी त्या खाद्यात मुडदूस बरा करण्याचा गुण येतो. परीक्षा अशी : उंदरांना मुद्दाम मुडदूस होईल असा आहार द्यायचा, मग तपासायचा पदार्थ काही दिवस खाऊ घालायचा, आणि शेवटी नडगीचे हाड उभे चिरून त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावायचे. जिथे नवा चुना बसला असेल तिथे काळी रेघ उमटते. रेघ जितकी ठळक तितके जीवनसत्त्व जास्त. 'आंतरराष्ट्रीय एकक', ज्याला कागदावर आय.यू. लिहितात, ते माप या उंदरांच्या काळातले आहे. आज त्याचा हिशेब पक्का आहे : ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे ४० आणि १ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उंदराची परीक्षा प्रामाणिक, पण तिला एक गोष्ट कळत नव्हती. उंदराला ड-२ आणि ड-३ दोन्ही जवळपास सारखेच लागू पडतात. कोंबडीच्या पिलाला मात्र ड-२ फारसे लागू पडत नाही. कॉड तेल दिले की पिले सुधारतात आणि प्रकाश दिलेल्या अर्गोस्टेरॉलने सुधारत नाहीत, हे दिसले तेव्हाच ही दोन जीवनसत्त्वे वेगवेगळी असल्याची शंका बळावली. आपल्यापैकी जे पोल्ट्री करतात त्यांनी खाद्याच्या पोत्यावरचे लेबल पाहावे, तिथे ड-३ च लिहिलेले असते.

याहून मजेची गोष्ट नावाची आहे. ड-२ आहे, ड-३ आहे, मग ड-१ कुठे गेले? जर्मनीतील विंडाऊस यांना स्टेरॉलांवरच्या कामाबद्दल १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. एवढा मोठा माणूस. त्यांच्या प्रयोगशाळेने १९३१ मध्ये स्फटिक काढले आणि त्यांना ड-१ म्हटले. पण लवकरच निघाले की तो एक पदार्थ नाहीच. खरे जीवनसत्त्व आणि ल्युमिस्टेरॉल नावाचा त्याचाच एक भाऊबंद यांचे ते जुळलेले मिश्रण होते. ड-१ हे नाव तिथेच बाद झाले. चांगले स्वच्छ दिसणारे स्फटिकसुद्धा फसवतात, हे साखरवाल्यांना मी वेगळे सांगायला नको.

हा भाऊबंद येतो कुठून? अर्गोस्टेरॉलवर प्रकाश पडला की एकटे ड-२ बनत नाही. आधी त्याचे पूर्वरूप बनते आणि ऊन जास्त झाले तर त्यातून ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल हेही बनतात. या सगळ्यांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अगदी सारख्या संख्येने, वजनही एकच, फरक फक्त रचनेत. आपल्याकडचे उदाहरण घ्या. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे सूत्र एकच, रिफ्रॅक्टोमीटरला दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, पण पोलॅरिमीटरमध्ये एक उजवीकडे वळवतो, दुसरा डावीकडे. म्हणूनच तोडून चार दिवस पडलेल्या उसाचा पोल घसरतो आणि ब्रिक्स तसाच किंवा उलट वाढलेला दिसतो. अळंबीतही नुसते वजन पाहून किंवा नुसता रंग पाहून भागत नाही. एकेकाळी अँटिमनी ट्रायक्लोराइड टाकून रंग आणत आणि रंगावरून 'ड' मोजत, पण तो रंग इतर स्टेरॉलेही देतात आणि 'अ' जीवनसत्त्वही देते.

अडचण किती मोठी आहे ते एका हिशेबाने सांगतो. १०० ग्रॅम ओल्या पांढऱ्या बटन अळंबीत अर्गोस्टेरॉल साधारण ६० मिलिग्रॅम धरा, म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बाजारातील बटन अळंबीत ड-२ निघाले ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅम. म्हणजे दोन लाखांत एक. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यात पाव ग्रॅम मीठ मिसळून कुणी म्हटले की आता मीठ वेगळे काढून तोलून दाखवा, तर जशी पंचाईत होईल तशी ही आहे.

तरी ते काढतात. कसे ते थोडक्यात सांगतो. नमुना गोळा केला की उजेडापासून जपून, गोठवून त्याची बारीक पूड करतात. मग अल्कोहोलमध्ये कॉस्टिक पोटॅश घालून स्निग्ध पदार्थांचा साबण करतात. साबण पाण्याकडे जातो आणि जीवनसत्त्व वरच्या द्रावकात राहते. हवेने ते बिघडू नये म्हणून सोबत ॲस्कॉर्बिक आम्लासारखे काही तरी घालतात. पोल पाहण्याआधी आपण रसात लेड सबॲसिटेट घालून तो गाळून घेतो, त्याच मासल्याचे हे काम. त्यानंतर खरी निवड एचपीएलसी नावाच्या यंत्रात होते. बारीक भुकटीने गच्च भरलेल्या एका नळीतून द्रव दाबाने सोडतात. मिश्रणातला प्रत्येक पदार्थ त्या भुकटीला कमी-जास्त चिकटतो, त्यामुळे कुणी लवकर बाहेर पडतो, कुणी उशिरा. बैलगाड्या एकदम सुटल्या तरी वजनकाट्यावर एकामागून एक पोचतात, तसे. बाहेर पडताना त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकतात. 'ड' जीवनसत्त्व २६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत जास्त शोषते, अर्गोस्टेरॉल २८२ च्या आसपास. म्हणजे ओळखीच्या दोन खुणा झाल्या : कोणत्या मिनिटाला आला आणि कोणता प्रकाश गिळला. कागदावर डोंगरासारखी शिखरे उमटतात आणि शिखराच्या क्षेत्रफळावरून वजन काढतात.

आणखी एक युक्ती आहे, ती मला फार आवडते. एवढ्या उठाठेवीत काही माल सांडणारच. किती सांडला हे कळावे म्हणून अगदी सुरुवातीलाच नमुन्यात एक ओळखीचा पदार्थ मोजून घालतात. शेवटी त्यातला जेवढा हाती लागतो, त्यावरून बाकीच्याची घट काढतात. अळंबीसाठी हा ओळखीचा पदार्थ म्हणून ड-३ घालण्याची पद्धत होती, कारण अळंबीत ते नसतेच असे धरून चालत.

इथेच २०१२ सालची गोष्ट येते. कॅथरीन फिलिप्स, रोनाल्ड हॉर्स्ट आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतील दुकानांतून आणि उत्पादकांकडून आणलेल्या अळंबीचे ड-२ मोजत होते. काम रोजचे, आहाराच्या तक्त्यासाठी आकडे भरायचे. पण कागदावर एक शिखर असे दिसू लागले की ज्याची लक्षणे 'ड' जीवनसत्त्वाची, पण जागा ड-२ ची नव्हे. दुसरा एखादा 'काही तरी घाण आहे' म्हणून सोडून देता. यांनी ते शिखर मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूचे वजन करणाऱ्या यंत्राला दाखवले. ड-२ चे रेणूवजन ३९६, याचे निघाले ३९८. दोन हायड्रोजन जास्त. हे ड-४ होते. विंडाऊस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३७ मध्येच ते प्रयोगशाळेत तयार केले होते, आणि तब्बल ७५ वर्षांनी ते बाजारातल्या भाजीच्या टोपलीत सापडले.

मग त्यांनी ७१ नमुने एकत्र करून नऊ प्रकारची अळंबी आणि शिवाय मुद्दाम अतिनील प्रकाश दिलेली पोर्टोबेलो तपासली. पांढरी बटन सोडली तर प्रत्येक प्रकारात निदान एका मिश्र नमुन्यात तरी ड-४ निघाले. ज्या मालाला प्रकाश मिळाल्याचे ठाऊक होते त्यात सर्वांत जास्त. त्याचा कच्चा माल तर सगळ्याच नमुन्यांत होता. आता आपल्या कामाचे : धिंगरीच्या एका मिश्र नमुन्यात १०० ग्रॅमला ड-२ निघाले २.५९ मायक्रोग्रॅम आणि ड-४ निघाले ६.२९. अडीचपट! ज्याला ड-४ ची ओळख नाही अशा तपासनिसाने ते शिखर ड-२ मध्ये धरले तर आकडा फुगणार, आणि ओळखीसाठी घातलेल्या ड-३ च्या शिखराला ते खेटून आले तर घटीचा हिशेबच चुकणार. म्हणून या मंडळींनी ड-३ ला किरणोत्सर्गी खूण लावून मग ते वापरले होते. दोन्ही जीवनसत्त्वांचे आकडे वेगळे दाखवावे लागतात, कारण गुण सारखा नाही. उंदरांवरच्या परीक्षेत ड-४ मुडदुसावर चालते, पण ड-३ इतके नाही.

आता आबांचे दोन कागद. मी ते शेजारी-शेजारी ठेवले आणि आकडे सोडून बाकीचे बारीक अक्षर वाचायला सूनबाईंना सांगितले. पहिल्यावर होते : '८०० आय.यू., प्रति १०० ग्रॅम, वाळलेली पूड'. दुसऱ्यावर : '२ मायक्रोग्रॅम, प्रति १०० ग्रॅम, ओला नमुना'. मघाचे चाळीस आठवा. ८०० एकके भागिले ४०, म्हणजे २० मायक्रोग्रॅम. पण हे वाळलेल्या पुडीत. ओल्या अळंबीत शंभरात नव्वद भाग पाणी. दहा किलो ओली वाळवली तर किलोभर पूड हाती येते. म्हणजे २० चे ओल्यात झाले २.

सूनबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि हसल्या. "म्हणजे दोघांनी एकच सांगितलंय की!"

एकच सांगितले होते. पण ओल्या अळंबीच्या पाकिटावर ८०० छापले असते तर ते धडधडीत खोटे ठरले असते. गिऱ्हाईकाला मिळाली असती ८० एकके. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज ६०० लागतात. एखाद्या अशक्त बाईने डॉक्टरांची गोळी बंद करून पावशेर अळंबीवर भरवसा ठेवला असता तर तिच्या हाडांची जबाबदारी कुणाची? आबा यावर काही बोलले नाहीत, पण कागद त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवले.

ड-२ वाढवायचे असेल तर मार्ग आहे आणि तो फुकट आहे. तोडलेली अळंबी तिरप्या फाकी करून, पाकळ्यांची बाजू वर करून, दुपारच्या उन्हात पसरायची. टोपीपेक्षा पाकळ्यांच्या बाजूला ऊन लागले तर जीवनसत्त्व जास्त बनते. काचेआड ठेवून उपयोग नाही, साधी काच नेमके हवे तेच किरण अडवते. नंतर पूड हवाबंद डब्यात, अंधारात ठेवावी, कारण उजेडात आणि हवेत ते हळूहळू कमी होते. या ड-२ चा माणसाला उपयोग होतो का, याचीही परीक्षा झाली आहे. २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी प्रकाश दिलेल्या अळंबीची पूड आणि गोळ्या यांची तुलना केली, तेव्हा रक्तातली पातळी दोन्हींनी सारखीच वाढली.

आपल्या माळकरी सभासदांसाठी एक सांगतो. बाजारातल्या ड-३ च्या बऱ्याच गोळ्या मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून निघतात. ड-२ बुरशीपासून बनते. ज्यांना ताटात अळंबी चालते त्यांचा प्रश्न मिटला, ज्यांना 'कुत्र्याची छत्री' म्हणून ती वर्ज्य आहे त्यांना मी आग्रह करणार नाही. मात्र पावसाळ्यात बांधावर उगवलेली अनोळखी छत्री कुणीही खाऊ नये. त्यातल्या काही जिवावर बेततात, आणि त्या ओळखणे हे जीवनसत्त्व मोजण्याइतकेच तज्ज्ञाचे काम आहे.

नमुन्याबद्दल मात्र आपल्याच शेतातली रीत गटाला सांगितली. तोडीचा कार्यक्रम लावताना आपण एका उसाचा ब्रिक्स घेऊन प्लॉटचा निकाल देत नाही, शेंडा-बुडखा पाहतो, चार ठिकाणचे ऊस घेतो. तसेच खिडकीजवळच्या पिशव्या, कोपऱ्यातल्या पिशव्या, पहिल्या आणि दुसऱ्या तोडणीचा माल असे सगळ्यातले थोडे थोडे घेऊन एकत्र करायचे. उन्हात वाळवलेला आणि ड्रायरमध्ये वाळवलेला माल वेगवेगळ्या पुड्यांत द्यायचा. आणि सोबत चिठ्ठी द्यायची : ओल्यावर की वाळल्यावर, ओलावा किती निघाला, एकके की मायक्रोग्रॅम, पद्धत कोणती, ड-२ आणि ड-४ वेगळे पाहिले की नाही, हे अहवालात लिहून द्यावे.

पाकिटांची छपाई गटाने सध्या थांबवली आहे. दोन पुड्या गेल्या आठवड्यात तपासणीला रवाना झाल्या. अहवाल आल्यावर, गटाची हरकत नसेल तर, दोन्ही आकडे पुढील अंकात देऊ. ज्या सभासदांच्या घरी धिंगरीचे काम चालते त्यांनी आपापले जुने अहवाल घेऊन दुरुस्तीचा काळ संपण्याआधी प्रयोगशाळेत यावे. बारीक अक्षर एकत्र बसून वाचू.